आधी जेवून घे

"जेवलीस का, बाय?" एवढंच आबा विचारायचे आणि समोरच्या बाईच्या हातातलं भांडं खाली पडायचं.

हा प्रश्न तुम्ही-आम्ही दिवसभर विचारतो आणि उत्तर ऐकायला थांबतही नाही. पण आबांच्या तोंडून तो आला की त्याचा अर्थ एकच असे. आमचं गाव कामशेतहून पवनेकडे जाणाऱ्या रस्त्यावर. गावच्या लेकी पार कार्ल्यापासून सोमाटण्यापर्यंत दिलेल्या. त्यातल्या एखादीच्या घरापासून लांब आबांची मोपेड थांबली, ते चालत आले, त्यांनी चपला बाहेर काढल्या, पाणी मागितलं आणि हे विचारलं, की तिच्या माहेरचं कुणीतरी गेलं असं समजायचं.

आबांचा धंदा दुधाचा. घरच्या म्हशी होत्या, शिवाय गावातलं दूध गोळा करायचे. कॅन मोपेडच्या दोन्ही बाजूंना अडकवून रोज सकाळी लोणावळ्याला जायचे, बंगल्यांना आणि हॉटेलांना रतीब घालायचे आणि जेवणवेळेपर्यंत परत. मरणाचा सांगावा नेणं हे काम त्यांना कुणी दिलेलं नव्हतं. गाडी होती, सगळी गावं पायाखालची होती आणि सांगता येत होतं, म्हणून ते जायचे.

मी त्याच गावातल्या सरकारी दवाखान्यात नर्स होते. त्यामुळे गावातलं मरण आधी माझ्याकडे यायचं आणि मग आबांकडे. मी हात धुऊन बाहेर आले की आबा पायरीवर टोपी गुडघ्यावर ठेवून बसलेले दिसायचे. मी मुळात फटकळ. नातेवाइकांना मी एका वाक्यात सांगून मोकळी व्हायची. आबांना ते बिलकूल पटत नसे.

"बाई, तुमी सांगता का सुई टोचता?" ते म्हणायचे.

"मग काय कीर्तन करू?"

"कीर्तन नगा करू. पर मानसाच्या हातात काय हाय, चुलीवर काय हाय, ते तरी बगा."

त्यांची रीत अशी होती. गाडी घरापासून लांबच बंद करायची, कारण नुसत्या आवाजानंही घरातल्या बाईचा जीव वर-खाली होतो. चालत जायचं. पाणी मागायचं, म्हणजे ती हातातलं खाली ठेवून आत जाते. चूल पेटलेली आहे का, पोर अंगावर पीत आहे का, हे तेवढ्यात बघून घ्यायचं. मग विचारायचं. ती "नाही जेवले" म्हणाली तर ओट्यावर टेकायचं आणि म्हणायचं, "आधी जेवून घे. मी बसतो हितं."

त्यामागचा हिशेब साधा होता. एकदा सांगितलं की त्या घरी घास उतरत नाही. माहेरी चूल बंद असते. मग रडणं, धावपळ, स्मशान, आणि सगळं उपाशीपोटी. "रडायला बी अंगात बळ लागतं, बाई," आबा म्हणायचे. आणि लेकी खरोखरच जेवायच्या. सगळं कळून चुकलेलं असायचं, डोळ्यांतून पाणी गळत असायचं, पण ताटातलं संपल्याशिवाय आबा तोंड उघडणार नाहीत हे ठाऊक असल्यामुळे घास ढकलायच्या. सोमाटण्याच्या एकीनं भांडून बघितलं. "कोण गेलं ते सांगा आधी," म्हणून ती ओरडली. आबा म्हणाले, "भाकर संपव." पुढे ती माझ्याकडे बाळंतपणाला आली तेव्हा म्हणाली, "बाई, तवा लय राग आलता आबांचा. पर त्या भाकरीपुरता बाप जिता व्हता माझा."

याचा दुसरा परिणाम असा झाला, की आबांना हा प्रश्न एरवी विचारण्याची सोयच राहिली नाही. लग्नात ते पंगतीत मठ्ठ्याची बादली घेऊन फिरायचे. बाकीचे वाढपी "जेवा, जेवा, संकोच करू नका" म्हणून आग्रहाचा गोंगाट करायचे आणि आबा मुक्यानं वाढत पुढे सरकायचे. एकदा बेसावध क्षणी नवरदेवाच्या मावशीला विचारून बसले. त्या बाईनं मांडवातच अशी किंकाळी फोडली, की वाजंत्री थांबली. पुढे कितीतरी दिवस गावातली पोरं आबांना लांबनं बघून ओरडायची, "आमी जेवलो, आबा! जेवलो!"

त्यांची बायको तर तक्रारच करायची. "बाई, इतकी वर्सं झाली लग्नाला, ह्या मानसानं मला कदी जेवलीस का म्हनून इचारलं न्हाई."

आबा शांतपणे म्हणायचे, "तू बिनइचारता जेवतीस की."

ती गेली तेव्हा आबा तिच्या उशाशीच होते. त्यांना ते कुणी येऊन सांगायची वेळ आली नाही.

आता एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती सांगितल्याशिवाय आबा कळायचे नाहीत. हे सांगाव्याचं काम गावात पूर्वी माझे आजोबा करायचे. करायचे म्हणजे, त्यांना करावं लागायचं. आमच्या समाजावर गावानं ते लादलं होतं आणि नाही म्हणायची सोय नव्हती. उन्हापावसात पायी जायचं, अंगणाच्या कडेला उभं राहून सांगायचं आणि तसंच परत यायचं. बौद्ध झाल्यावर आमच्या लोकांनी ते काम झुगारून दिलं, आणि फार बरं केलं. त्यामुळे बदली होऊन मी माझ्याच गावच्या दवाखान्यात आले आणि शेतीवाडीवाला हा माणूस हौसेनं सांगावे नेताना बघितला, तेव्हा माझं डोकं फिरलं. मी त्यांना तोंडावर म्हणाले, "तुमचं बरं आहे आबा. तुम्हाला ओट्यावर बसायला मिळतं. माझ्या आजोबांना उंबऱ्याजवळ उभं करत नव्हते."

आबा टोपी चढवून निघून गेले. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात आले, पायरीवर बसले आणि म्हणाले, "बाई, मी तुमच्या आज्याकडनं शिकलोय ह्ये."

लहानपणी ते कार्ल्याला आत्याकडे राहायला गेले होते. भर उन्हात माझे आजोबा तिथं आले. आत्याचा बाप, म्हणजे आबांचा आजा, गेला होता. आजोबा अंगणाच्या कडेला उभे राहिले आणि तिथूनच त्यांनी विचारलं, "जेवलीस का, बाय?" आत्या पोरांना वाढत होती. आजोबा म्हणाले, "पोरास्नी घाल. तू बी खा. मी थांबतो." आणि ते उन्हात थांबले. सगळ्यांची जेवणं झाल्यावर त्यांनी सांगितलं. मग रडारड सुरू झाली आणि त्यांच्याकडे कुणाचंच लक्ष राहिलं नाही.

"जाताना त्यांनी वढ्याचं पानी प्यालं, बाई. मी बगत व्हतो. तेवढं लांबनं आलेलं मानूस, पर आमच्या घरात कुनी पानी दिलं न्हाई." आबा बराच वेळ टोपीची घडी घालत बसले. "म्हनून मी आधी पानी मागतो. मागितल्याबिगर सांगतच न्हाई."

माझा राग गेला असं नाही. तो असा जाणारा नव्हता. पण त्या दिवसापासून आमची गट्टी जमली.

मग गावात मोबाइल आले. आधी बोलण्यापुरते आणि नंतर बघण्याचे. गावाचा ग्रुप निघाला. तो काढला आबांच्याच मुलानं. उतारवयात झालेला हा मुलगा हसरा, चुणचुणीत, पवनेच्या काठावर पर्यटकांसाठी तंबू उभारणाऱ्या एका मालकाकडे कामाला होता. ग्रुपवर पाण्याची वेळ, लाइट गेल्याची खबर, वाढदिवसाचे केक आणि मरणं, सगळं एकाखाली एक येऊ लागलं. मेलेल्या माणसाचा फोटो घ्यायचा, त्याला फोनमध्येच हार घालायचा, दोन्ही बाजूंना समया लावायच्या, हे तो पोरगा चहा निवायच्या आत करायचा.

आबा आणि मुलगा यांच्यात यावरून चांगलीच जुंपली. आबांचा सांगावा मोपेडवरून निघायचा आणि मुलाचा त्याआधी पोचलेला असायचा. शेवटी दोघांनी तोड काढली, आणि मला ती आजही त्या घराची सगळ्यात शहाणी गोष्ट वाटते. गावात कुणी गेलं की मुलगा फोटो तयार करून ठेवायचा, पण टाकायचा नाही. आबा निघायचे. एकेका लेकीला सांगून झालं की आपल्या साध्या बटणांच्या फोनवरून मुलाला मिस्ड कॉल द्यायचे. शेवटच्या लेकीचा मिस्ड कॉल आला, की मग ग्रुपवर फोटो. मधेच दुसऱ्या कुणी काही टाकलं तर मुलगा ते काढून टाकायचा आणि लिहायचा, "आबा रस्त्यात आहेत. थांबा." लोक हसायचे, पण थांबायचे.

एकदा मात्र गंमत झाली. एक म्हातारा कामशेतच्या हॉस्पिटलात अत्यवस्थ होता. आबांचा मुलगा रानात होता, फोनला रेंज नव्हती, आणि कुणीतरी परस्पर त्या म्हाताऱ्याला ग्रुपवर हार घातला. खाली हात जोडलेल्यांची रांग लागली. दोन दिवसांनी म्हातारा चालत घरी आला. आबा त्याला भेटायला गेले तर तो नातवाच्या फोनमध्ये आपलाच हारातला फोटो न्याहाळत बसलेला. "फोटू ब्येस आलाय," तो आबांना म्हणाला. "मेल्यावं ह्योच लावा." आबा हसत हसत दवाखान्यात आले, मला सांगितलं, आणि मग टोपी काढून पायरीवर टेकले. "हात जोडणाऱ्यात त्याची लेक बी व्हती, बाई," ते म्हणाले. "बापाला बगायला आली न्हाई. तितनंच हात जोडले."

आणि ग्रुप काही एकच नव्हता. भावकीचे, दहावीच्या बॅचचे, भजनी मंडळाचे वेगळे. तिथं आबांचा मुलगा काय थांबवणार? कार्ल्याला रस्त्यालगत सरबताचा स्टॉल चालवणाऱ्या एका लेकीला बापाचं मरण भावजयीच्या स्टेटसवर दिसलं, गिऱ्हाईक समोर उभं असताना. आबा पोचले तेव्हा ती स्टॉलवर एकटीच होती. फोन हातात. "कळालं, आबा," ती म्हणाली. "फोटू बी बगितला." तिनं त्यांना पाणी दिलं. आबा ते पिऊन परत आले.

"नुसतं पानी पिऊन आलो, बाई," ते मला म्हणाले. असं त्यांच्या बाबतीत आधी कधी झालं नव्हतं.

मी त्यांच्याशी वाद घातला. मी म्हणाले, "आबा, या फोनमुळे लेकी वेळेवर पोचतात. पूर्वी बापाचं तोंडसुद्धा दिसायचं नाही त्यांना." हे खरंच होतं आणि आजही मी तेच म्हणेन, माझ्या दवाखान्यातली कितीतरी माणसं एका फोनमुळे वाचली आहेत.

"पोचत्यात की," आबा म्हणाले. "पर कळतं तवा येकट्याच असत्यात. कुनी ओट्यावं बसलेलं नसतं."

एका रविवारी सकाळी पवनेच्या रस्त्यावर पर्यटकांच्या गाडीनं एका मोटारसायकलला उडवलं आणि गाडी पळून गेली. मागून येणाऱ्या गाड्या थांबल्या. माणसं उतरली. त्यांनी फोन काढले आणि व्हिडिओ घेतला. किती वेळ घेतला ते मला माहीत नाही. एका टेम्पोवाल्यानं शेवटी त्या पोराला उचलून आमच्या दवाखान्यात आणलं तेव्हा माझ्या हातात करण्यासारखं काही उरलं नव्हतं. तोंड पुसलं तेव्हा मी ओळखलं. आबांचा मुलगा.

त्याचा फोन शाबूत होता. हवालदारानं तो पंचनाम्यापर्यंत सांभाळा म्हणून माझ्याकडे दिला. मी तो पर्समध्ये टाकला. टाकताना बघितलं तर पडदा सारखा उजळत होता. गावच्या ग्रुपवर व्हिडिओ आला होता, पाठोपाठ फोटो आला होता, आणि त्याच्याच फोनवर त्यालाच श्रद्धांजली वाहिली जात होती. "थांबा" म्हणणारा तिथं आता कुणी नव्हता.

बाहेर गाव जमलं. मी विचारलं, "आबांना कुणी सांगितलं?"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. "कळालं असंल की," एक जण म्हणाला. "समद्यांना कळालंय."

आबांकडे साधा फोन होता, हे त्या गर्दीत प्रत्येकाला माहीत होतं. पण ग्रुपवर आलं म्हणजे सगळ्यांना कळलं, हे डोक्यात इतकं पक्कं बसलं होतं की त्या माणसाला कुणीतरी जाऊन सांगायला हवं, हे कुणाला सुचलंच नाही. ज्याच्या त्याच्या दारात जो गेला, त्याच्याकडे कोण जाणार, हे गावानं कधी ठरवलंच नव्हतं.

आबा लोणावळ्याहून परतताना रोज कार्ल्याला दिलेल्या आपल्या सख्ख्या लेकीकडे थांबायचे. तिथं त्यांना गाठायचं ठरवून मी रिक्षा केली. सगळ्या वाटेनं मी मनात वाक्यं जुळवत होते आणि एकही धड जुळत नव्हतं.

मी पोचले तेव्हा आबांची मोपेड नुकतीच अंगणात शिरत होती. रिकामे कॅन वाजत होते. लेक दारात उभी होती. तिनं व्हिडिओ बघितला होता. त्यात तोंड दिसत नव्हतं, पण मोटारसायकलचा मागचा पत्रा दिसत होता, आणि त्यावर भावानं हौसेनं रंगवून घेतलेलं तिच्याच मुलीचं नाव होतं. मला हे नंतर कळलं. त्या वेळी मला एवढंच दिसलं, की तिनं पाण्याचा तांब्या आणून बापाच्या हातात दिला आणि पदर सावरत विचारलं,

"आबा, जेवलात का?"

आबांनी तांब्या तोंडाला लावला होता तो तसाच खाली आणला. त्यांनी लेकीकडे बघितलं. मग मागं उभ्या असलेल्या माझ्याकडे बघितलं, माझ्या अंगावरच्या पांढऱ्या साडीकडे बघितलं.

"न्हाई," ते म्हणाले. "वाढ."

ते ओट्यावर बसले. तिनं ताट आणलं. भाकरी, कालवण, कांदा. आबा जेवायला लागले. घास बारीक चावत होते. आम्ही दोघी उभ्या होतो. एक भाकरी संपली तेव्हा त्यांनी हातानंच खूण केली आणि दुसरी मागितली. एका भाकरीचा माणूस तो. दुसरी संपली तेव्हा भात मागितला. लेकीनं भात वाढला. मला तेव्हा सोमाटण्याच्या त्या लेकीचं बोलणं आठवलं आणि मी तोंड फिरवलं. जेवण चालू आहे तोवर कुणी काही सांगणार नव्हतं, हे त्या माणसाइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक होतं?

शेवटी ताटात काहीच उरलं नाही. त्यांनी ताटातच हात धुतला, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"सांग आता," ते म्हणाले.

लेकीनं सांगितलं. कसं सांगितलं ते मी लिहीत नाही.

आबा रडले नाहीत. त्यांनी खिशातून तो बटणांचा फोन काढला, डोळ्यांजवळ धरून एक बटण दाबलं आणि कानाला लावला. माझ्या पर्समध्ये फोन वाजला. मी बाहेर काढला तर पडद्यावर "आबा" अशी अक्षरं होती. दोनदा वाजून तो बंद झाला, नेहमी होत असे तसा. सवयीनं केला की जाणूनबुजून, ते मी त्यांना कधी विचारलं नाही.

आपण म्हणतो, काळ जातो आणि दुःख निवतं. आबांच्या बाबतीत तसं होऊ दिलं गेलं नाही, आणि यावर मी अजून चिडते. तो व्हिडिओ फिरत राहिला. गावच्या ग्रुपवरून लोकांनी काढला, पण तोवर तो कुठल्या कुठे गेला होता. कुणीतरी त्याच्यावर लिहिलं, "दारू पिऊन पर्यटकांची मस्ती, बघा काय होतं." कुणी त्याला गाणं लावलं. आयुष्यात दारूच्या थेंबाला न शिवलेला, पर्यटकांचे तंबू बांधून पोट भरणारा पोरगा, मेल्यावर दारुडा पर्यटक झाला. ज्यांनी व्हिडिओ बघितला त्यांच्या लेखी पोरगा तोच आहे. त्याचं खरं नाव-गाव सांगत आपण कुणाकुणाच्या मागे फिरणार?

पुढे एकदा आबा कामशेतच्या बाजारात पेंड घ्यायला गेले होते. दुकानदार नवा होता. माल बांधता बांधता त्यानं फोन पुढे केला. "बघा आबा, आजकालची पोरं कशी मरतात."

आबांनी बघितलं. शेवटपर्यंत बघितलं. त्याआधी त्यांनी तो कधी बघितला नव्हता.

"माजं हाय त्ये," ते म्हणाले.

दुकानदार बिचारा पांढराफटक पडला. त्यानं हात जोडले, त्यांच्यासमोर तो व्हिडिओ पुसून टाकला, पेंड स्वतः गाडीवर बांधून दिली. आबा तिथून सरळ माझ्याकडे आले. पायरीवर बसले नाहीत, उभेच राहिले.

"बाई, त्ये कुटं मिटवता येतं का? कुनाला तरी अर्ज-बिर्ज करून?"

मी माझ्या परीनं विचारलं होतं. पोलिसांना, तालुक्याला, माझ्या भाच्याला, जो मोबाइल-कॉम्प्युटरच्याच कामात आहे. सगळ्यांनी एकच सांगितलं, ते आता मिटणार नाही. मी आबांना एका वाक्यात सांगितलं नाही. आधी त्यांना बसवलं. पण उत्तर तेच होतं.

"माजं पोरगं येकदा म्येलं," आबा म्हणाले. "त्यात त्ये रोज मरतंय. आन् रोज कुनीतरी बगतंय."

त्यानंतर त्यांनी सांगावे नेणं सोडलं. कुणी बोलवायलाही आलं नाही. गरज उरली नव्हती. म्हशी विकल्या. मोपेड गोठ्यात उभी राहिली आणि तिच्यावर कोंबड्या बसू लागल्या. लेकीनं त्यांना कार्ल्याला राहायला ये म्हणून फार विनवलं, पण ते गाव सोडायला तयार झाले नाहीत. लेकीनं भाऊ गेला त्या दिवशीच चित्रांचा फोन नवऱ्याकडे देऊन टाकला होता आणि स्वतःला बापासारखा बटणांचा घेतला होता. गावच्या ग्रुपचा ॲडमिन म्हणून मात्र तिच्या भावाचंच नाव दिसत राहिलं. तो आता कुणाला थांबवत नव्हता.

नोकरी संपल्यावर मी लोणावळ्याला राहायला आले. गेल्या वर्षी भातकापणीच्या दिवसांत सकाळी चहा घेताना ग्रुपवर फोटो आला. हार, दोन समया आणि मध्ये आबा. कुठल्या तरी लग्नातला फोटो होता. खालच्या कोपऱ्यात मठ्ठ्याच्या बादलीची कडी तशीच राहून गेली होती. खाली हात जोडलेल्यांची रांग वाढतच चालली होती. गोठ्याच्या दाराशी बसल्या बसल्या गेले म्हणे.

मी गावात फोन लावला. पलीकडून कोण बोलत होतं तेही मी विचारलं नाही. म्हणाले, "लेकीला सांगितलं का?"

"ग्रुपवर टाकलंय की, बाई. समद्यांना कळालं."

मी चहा तसाच ठेवला आणि रिक्षा केली. कार्ल्यात शिरल्यावर रिक्षावाल्याला लांबच थांबायला सांगितलं. "आत नेतो की, मावशी," तो म्हणाला. मी नको म्हणाले आणि चालत गेले.

लेक ओट्यावर सूप घेऊन तांदूळ पाखडत होती. बटणांचा फोन आत कुठंतरी असेल. तिनं मान वर करून मला बघितलं, रस्त्यावर लांब उभी असलेली रिक्षा बघितली. मी चपला काढत होते, तेही तिनं बघितलं. मग तिनं सूप हळूच खाली ठेवलं.

"मी जेवले, बाई," ती म्हणाली. "सांगा."

इतकी वर्षं मी किती जणांना एका वाक्यात सांगितलं असेल. ते वाक्य मला येईना.

"पाणी दे, बाय," मी म्हणाले.